गाडीचे पाचवे चाक

समजा, ईदचा दुसरा दिवस आहे. तुम्ही अब्बा, अम्मी आणि लहान बहीण यांच्याबरोबर मालेगावहून नाशिकला खालाच्या घरी निघाला आहात. निघायला थोडा उशीर झाला. चांदवडच्या अलीकडे राहूड घाट लागेपर्यंत अंधार पडला. एवढ्यात गाडी एका बाजूला ओढू लागली. खालून फटफट असा आवाज येऊ लागला. अब्बांनी गाडी हळूहळू रस्त्याच्या कडेला घेतली. पाहतात तो मागचा टायर पंक्चर!

"काळजी करू नका, स्टेपनी आहे," अब्बा म्हणाले. त्यांनी डिकी उघडली, सामान खाली उतरवले आणि स्टेपनी बाहेर काढली. अंगठ्याने दाबून पाहिली, तर ती आत दबली. तिच्यात पुरेशी हवाच नव्हती. वर्षभरात तिच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. आजूबाजूला दुकान नाही, दिवा नाही. शेजारून मोठमोठे ट्रक वेगाने जात आहेत.

अशा वेळी काय करायचे? आणि अशी वेळ येऊ नये म्हणून काय करायचे? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी आधी टायरची थोडी ओळख करून घेऊ.

टायर, ट्यूब आणि हवा

गाडीचे ओझे टायरचे रबर एकटे पेलत नाही. ते पेलते टायरमध्ये दाबून भरलेली हवा. मोटारीच्या एका टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो. अशा चार तळहातांवर माणसांनी आणि सामानाने भरलेली गाडी धावते. हवा गेली की टायर चपटा होतो. मग रबर रस्ता आणि चाकाची लोखंडी कड यांच्यामध्ये चिरडले जाते.

हवा भरलेला टायर व्यवहारात आणण्याचे श्रेय जॉन बॉइड डनलॉप यांना दिले जाते. ते आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात जनावरांचे डॉक्टर होते. त्यांच्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीला दगडी रस्त्यावर फार हिसके बसत. ते कमी व्हावेत म्हणून त्यांनी चाकांवर हवा भरलेली रबरी नळी बसवली. १८८८ साली त्यांनी या टायरचे पेटंट घेतले. प्रवास सुखाचा झाला, पण हवेबरोबर एक नवी कटकटही आली. ती म्हणजे पंक्चर!

सायकलीच्या टायरमध्ये वेगळी ट्यूब असते. ट्यूबला भोक पडले की हवा भराभर जाते. पंक्चरवाला ती ट्यूब बाहेर काढतो आणि पाण्याच्या टबात बुडवतो. जिथून बुडबुडे येतात तिथे घासून, सोल्यूशन लावून रबराचा तुकडा चिकटवतो. हे काम तुम्ही अनेकदा पाहिले असेल.

आजच्या बहुतेक मोटारींच्या टायरमध्ये मात्र ट्यूब नसते. टायरच चाकाला घट्ट बसतो आणि हवा धरून ठेवतो. याला ट्यूबलेस टायर म्हणतात. यात खिळा घुसला तरी तो पुष्कळदा भोकातच अडकून राहतो आणि हवा हळूहळू जाते. म्हणून खिळा दिसला की तो लगेच उपटू नये. तो खिळाच काही वेळ बुचाचे काम करीत असतो.

'स्टेपनी' हा शब्द कोठून आला?

पहिला उपाय म्हणजे जादा चाक. आपण त्याला स्टेपनी म्हणतो. हा शब्द कोठून आला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारींची चाके सहज निघत नसत. पंक्चर झाले की चालकाला रस्त्यातच बसून टायर उचकटावा लागे, ट्यूब काढून दुरुस्त करावी लागे आणि पुन्हा पंपाने हवा भरावी लागे. ब्रिटनमधील वेल्स या प्रदेशात लानेली नावाचे गाव आहे. तेथील टॉमस मॉरिस डेव्हिस आणि वॉल्टर डेव्हिस या भावांना एक युक्ती सुचली. १९०४ साली त्यांनी आरे नसलेले एक गोल चाक तयार केले. त्यावर हवा भरलेला टायर आधीच बसवलेला असे. पंक्चर झालेले चाक न काढता त्यालाच हे चाक बाजूने पकडींनी घट्ट बसवायचे, की गाडी पुढे निघाली!

या भावांचे दुकान स्टेपनी नावाच्या रस्त्यावर होते. त्यावरून त्या चाकाला 'स्टेपनी' हे नाव पडले. पुढे मोटारींची चाके नट उघडून काढता येऊ लागली आणि संपूर्ण जादा चाक गाडीत ठेवण्याची पद्धत आली. जुने स्टेपनी चाक मागे पडले, पण नाव टिकून राहिले. आपल्याकडे ते मराठीत आहे, उर्दूत आहे, हिंदीतही आहे. दूर ब्राझीलमध्येसुद्धा जादा चाकाला याच नावावरून आलेला 'इस्तेपी' हा शब्द वापरतात. एका लहानशा गावातील रस्त्याचे नाव असे जगभर फिरले.

स्टेपनीचा मोठा गुण असा, की टायर कसाही खराब होवो, ती उपयोगी पडते. खिळा घुसला, दगडाने टायरची बाजू फाटली किंवा खड्ड्यात आपटून चाक वाकले, तरी पूर्ण चाकच बदलता येते. पण तिला जागा लागते आणि तिचे वजनही बरेच असते. हे ओझे गाडी रोज वाहत असते. शिवाय चाक बदलायला जॅक, पाना आणि अंगात थोडी ताकद हवी. काही गाड्यांत जागा वाचवण्यासाठी बारीक स्टेपनी देतात. ती लावून साधारणपणे ताशी ८० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने जायचे नसते. दुकान गाठेपर्यंतच ती वापरायची असते.

दुरुस्तीचा संच

दुसरा उपाय म्हणजे दुरुस्तीचा संच. यालाच लोक 'पंक्चर किट' म्हणतात. हा दोन प्रकारचा असतो.

पहिल्या प्रकारात चिकट द्रवाची बाटली आणि गाडीच्या विजेवर चालणारा हवेचा छोटा पंप असतो. तो द्रव टायरमध्ये सोडायचा, हवा भरायची आणि गाडी थोडे अंतर चालवायची. चाक फिरते तसा द्रव आत सगळीकडे पसरतो आणि भोकात जाऊन ते बंद करतो. दुसऱ्या प्रकारात कानस आणि दाभणासारखी हत्यारे असतात. खिळा काढून भोक घासायचे आणि चिकट रबरी पट्टी दाभणाने भोकात दाबून बसवायची. पंक्चरवाले ट्यूबलेस टायर बहुधा असेच दुरुस्त करतात. चाकसुद्धा काढावे लागत नाही.

संच हलका असतो आणि पिशवीत मावतो. म्हणून काही नव्या गाड्यांत स्टेपनीऐवजी संचच देतात. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत बॅटरीला जागा हवी असते. सीएनजीच्या गाड्यांत डिकीत टाकी असते. तेथे जागा वाचणे महत्त्वाचे ठरते. भारत सरकारने २०२० साली मोटार वाहन नियमांत बदल केला. ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा संच आणि टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीत स्टेपनी असलीच पाहिजे असे नाही, असे त्यात ठरले.

पण संचाला मर्यादा आहेत. टायरचा जो नक्षीदार भाग रस्त्याला टेकतो, त्यातील खिळ्याएवढे लहान भोकच त्याने बंद होते. टायरची बाजू फाटली, तर संचाचा काही उपयोग नाही. बाजूचा भाग प्रत्येक फेरीत दबतो आणि पुन्हा सरळ होतो. तेथे ठिगळ टिकत नाही. द्रवाच्या बाटलीवर मुदतीची तारीख असते, तीही पाहावी लागते. अशा द्रवाने बंद केलेला टायर शक्य तितक्या लवकर दुकानात दाखवावा.

हवा गेली तरी चालणारा टायर

तिसरा उपाय म्हणजे रन-फ्लॅट टायर. हवा गेली तरी हा टायर लगेच चपटा होत नाही. याच्या दोन्ही बाजू जाड आणि मजबूत रबराच्या असतात. हवा गेल्यावर त्याच गाडीचे ओझे काही काळ पेलतात.

ही कल्पना जुनी आहे. डनलॉप कंपनीने १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये असा टायर आणला होता, पण त्याला खास चाक लागे. जाड बाजूंचे टायर पुढे आले. अमेरिकेत १९९७ साली आलेल्या नव्या शेव्हरोले कॉर्व्हेट गाडीत असे टायर होते आणि स्टेपनी मुळीच नव्हती.

बहुतेक रन-फ्लॅट टायर हवा गेल्यावर सुमारे ८० किलोमीटर जाऊ शकतात. वेग मात्र ताशी ८० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. म्हणजे घाटात, अंधारात किंवा द्रुतगती मार्गावर उतरून चाक बदलण्याची गरज नाही. सर्वांत मोठा फायदा हाच. रस्त्याच्या कडेला वाकून चाक बदलणारा माणूस भरधाव वाहनाच्या चालकाला वेळेवर दिसला नाही, तर जिवावर बेतते.

एक अडचण मात्र आहे. हवा गेली तरी गाडी नीट चालत राहते, म्हणून ती गेल्याचे चालकाला कळतच नाही. यासाठी हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा लागतेच. हे टायर महाग आणि वजनदार असतात. बाजू कडक असल्याने खड्ड्यांचे हिसके जास्त जाणवतात. हवेशिवाय चालवलेला टायर आतून खराब झालेला असू शकतो. तो बहुधा बदलावाच लागतो आणि लहान गावात तसा टायर लगेच मिळेलच असे नाही. बाजू फार फाटली, तर हा टायरही पुढे जात नाही.

मग उत्तम उपाय कोणता?

याचे एकच उत्तर नाही. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या गाडीला संच पुरेसा होतो, कारण थोड्या अंतरावर पंक्चरवाला सापडतो. खेड्यापाड्यांच्या, दगडधोंड्यांच्या रस्त्यांवर टायरची बाजू फाटण्याची भीती असते. तेथे स्टेपनीसारखा सोबती नाही. मोठ्या महामार्गावर, रात्रीच्या प्रवासात रन-फ्लॅट टायर माणसांना धोक्याच्या जागेतून बाहेर काढतो. पण ८० किलोमीटरच्या आत मदत मिळाली पाहिजे.

उपाय कोणताही असो, काही गोष्टी सर्वांनी लक्षात ठेवाव्यात. पंक्चर झाल्यावर एकदम ब्रेक दाबू नये. स्टिअरिंग घट्ट धरून वेग हळूहळू कमी करावा आणि गाडी रस्त्याच्या बाहेर सपाट जागी घ्यावी. धोक्याचे दिवे लावावेत. लाल त्रिकोण गाडीच्या बराच मागे ठेवावा. मुलांनी आणि इतरांनी गाडीतून रस्त्याच्या उलट्या बाजूने उतरून दूर उभे राहावे. चाक बदलताना हँडब्रेक लावावा आणि दुसऱ्या चाकाला दगडाची उटी द्यावी. नट थोडे सैल केल्यावरच गाडी जॅकवर उचलावी, कारण चाक अधांतरी असले की पान्याबरोबर तेच फिरू लागते. गाडी जॅकवर असताना तिच्याखाली कोणीही जाऊ नये.

आता पुन्हा राहूड घाटात जाऊ. त्या गाडीत हवेचा छोटा पंप असता, तर स्टेपनीत हवा भरता आली असती. रन-फ्लॅट टायर असते, तर हळूहळू नाशिक गाठता आले असते. पण सर्वांत सोपा आणि स्वस्त उपाय घरीच होता. निघण्यापूर्वी पेट्रोल पंपावर चार चाकांबरोबर पाचव्या चाकाचीही हवा पाहायची! त्याला पाच मिनिटेही लागली नसती.

जिच्यात हवा नाही ती स्टेपनी, जिची मुदत संपली ती बाटली आणि जो वापरता येत नाही तो जॅक, ही सगळी नुसती ओझी आहेत. संकट सांगून येत नाही. म्हणून पुढच्या वेळी घरातील माणसे प्रवासाला निघाली, की तुम्ही एवढेच विचारा, "अब्बा, स्टेपनीत हवा आहे ना?"

शब्दार्थ

जादा – जास्तीचे, अधिक
मर्यादा – हद्द, सीमा
ठिगळ – भोकावर लावलेला तुकडा
उटी – चाक सरकू नये म्हणून लावलेला अडथळा
अधांतरी – जमिनीला न टेकलेले
जिवावर बेतणे – प्राण जाण्याची वेळ येणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गाडीचे ओझे कोण पेलते?
(आ) 'स्टेपनी' हे नाव कशावरून पडले?
(इ) टायरमध्ये घुसलेला खिळा लगेच का उपटू नये?

२. कारणे लिहा.
(अ) टायरची बाजू फाटली, तर दुरुस्तीच्या संचाचा उपयोग होत नाही.
(आ) रन-फ्लॅट टायर असलेल्या गाडीत हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा लागते.

३. 'जिवावर बेतणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.

४. तुमच्या भागातील पंक्चरवाल्या चाचांना भेटा. ते ट्यूबचा आणि ट्यूबलेस टायर कसा दुरुस्त करतात, ते पाहून आठ-दहा वाक्ये लिहा.