दवाखाना किती दूर असतो?

शीव म्हणजे हद्द. मुंबई बेटाची जुनी हद्द जेथे संपे, तेथे आज लोकमान्य टिळक रुग्णालय उभे आहे. १९४७ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात मुंबईकरांप्रमाणे बाहेरगावचे रोगीही येतात. त्यांतील कित्येकांचे दुखणे येथे पोचेपर्यंत बळावलेले असते. आपण शहरवासी चटकन विचारतो, “आधी का नाही आणलेत?” या प्रश्नाचे उत्तर रोग्याच्या गावात शोधावे लागते.

प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना आपल्याकडे १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने मांडली. पुढे ठरलेल्या मापाप्रमाणे सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र असावे. माप योग्यच आहे. पण अंतर केवळ मैलांचे नसते. दवाखान्यात दिवस गेला की मजुरी बुडते. परतीची एस.टी. चुकली की मुक्काम पडतो. ओल्या बाळंतिणीने उंबरठा ओलांडू नये, अशी रूढी आड येते. ही अंतरे नकाशावर दिसत नाहीत.

ती ज्यांनी नेमकी ओळखली, त्यांत डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अग्रेसर. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दुष्काळी जामखेडला १९७० साली त्यांनी काम मांडले. गावातल्याच बायकांना त्यांनी शिकवून आरोग्यसेविका केले. त्यांतल्या बऱ्याचजणी निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. स्वच्छ बाळंतपण, पिण्याचे पाणी, हगवण लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी, या गोष्टींना पदवी लागत नाही. शिक्षण आणि गावाचा विश्वास लागतो. १९७८ साली अल्मा-आटा येथील जागतिक परिषदेने ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा केली, त्याआधीच जामखेडची ख्याती परदेशांत पोचली होती.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी हाच विचार तान्ह्या बाळापर्यंत नेला. १९९५ पासून ३९ गावांत शिकवून तयार केलेल्या स्त्रिया बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. त्या बाळाचे वजन करीत, त्याला ऊब देण्यास शिकवीत, त्याचे श्वास मोजीत आणि जंतुदोष दिसला तर औषधही देत. त्या गावांत जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी ६२ पहिल्या महिन्यात दगावत. तीन वर्षांत हा आकडा २५-२६ वर आला. हे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ‘आशा’ नेमल्या, आणि २०११ पासून नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याचे काम देशभर त्यांच्याकडे आले. तथापि एक सावधगिरी हवी. गावातली बाई ही डॉक्टरची जागा भरण्यासाठी नव्हे. ती जिन्याची पहिली पायरी होय. वरच्या पायऱ्याच नसतील, म्हणजे परिचारिका, गाडी, औषध आणि जागेवर असणारा डॉक्टर नसेल, तर पहिली पायरी हवेत लोंबकळते. शिवाय जिच्यावर एवढी भिस्त, तिला स्वयंसेविका म्हणून कामागणिक मोबदल्यावर राबवणे कितपत न्याय्य, याचाही विचार व्हावा.

म्हणून खेड्यातल्या आरोग्याचा हिशेब इमारती मोजून करू नये. मध्यरात्री मूल तापाने फणफणले, तर दार ठोठावायला जवळ कोण आहे, आणि तिच्या पाठीशी कोण आहे, हे विचारावे.