एम८७चा झोत: गॅमा किरणं नेमकी येतात कुठून?

कन्या राशीतली एम८७ दीर्घिका माझ्या आठ इंची दुर्बिणीतून कापसाच्या बोळ्यासारखी दिसते, बस्स. पण तिच्या पोटातून हजारो प्रकाशवर्षं लांबीचा झोत निघालाय. १९१८ मध्ये हेबर कर्टिसला तो फोटोत एक सरळ रेघ म्हणून दिसला. अंतर साडेपाच कोटी प्रकाशवर्षं, आणि मुळाशी साडेसहाशे कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर.

खरी गंमत पुढे आहे. २००५ मध्ये नामिबियातल्या 'हेस' दुर्बिणींना इथून येणारी गॅमा किरणं दोन-चार दिवसांत कमीजास्त होताना दिसली. प्रकाशाला स्रोत ओलांडायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा झपाट्याने तो बदलू शकत नाही, म्हणजे स्रोत अगदी छोटा असणार. पण गॅमा दुर्बिणींची नजर अधू; अख्खी दीर्घिका त्यांना एकच ठिपका वाटते! त्याच वर्षी झोतातली 'एचएसटी-१' नावाची गाठ क्ष-किरणांत भडकली होती, त्यामुळे पहिला संशय तिच्यावर.

मग २००८ मध्ये गॅमा किरणं पुन्हा उसळली. या वेळी चंद्राच्या क्ष-किरण निरीक्षणांत ती गाठ शांत होती आणि रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्यात थेट गाभाच उजळत गेला. ('चंद्रा' म्हणजे आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची अवकाश दुर्बीण, आकाशातला चंद्र नव्हे!) संशयाची सुई सरकली ती कृष्णविवराच्या शेजारी.

एकट्या दुर्बिणीला हे कधीच उलगडलं नसतं. २०१७ मध्ये कृष्णविवराचा तो गाजलेला फोटो टिपला जात होता, तेव्हा रेडिओपासून गॅमापर्यंतच्या कितीतरी वेधशाळा एकाच वेळी एम८७कडे वळवल्या होत्या. नेमका तेव्हा झोत निवांत! पुढच्याच वर्षी, २०१८ च्या मोहिमेत मात्र भडका सापडला.