माल पोचतो, बीजक पोचत नाही

भैरवगढच्या छापील कापडाचा व्यवहार करणाऱ्या पेढ्यांपैकी जिच्या गादीवर आज लॅपटॉप नाही, अशी पेढी विरळाच आढळेल. खतावणी त्यात, बीजके त्यात, ठशांची छायाचित्रेही त्यातच. या यंत्राची एक तक्रार मात्र अशी आहे की ती दिसावयास क्षुल्लक असून व्यापाऱ्यास नाहक मोठ्या खर्चात पाडते. यूएसबी पोर्टमध्ये वायर घातली की मोबाईल चार्ज होऊ लागतो. परंतु मोबाईलमधील एकही छायाचित्र लॅपटॉपवर उतरत नाही. काही जोडले गेले आहे याची लॅपटॉपला जणू वार्ताच नसते.

दोन वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकावर हाच प्रसंग गुदरला. येथील एका वृद्ध छिपा कारागिरांनी आपल्या संग्रहातील जुन्या लाकडी ठशांची छायाचित्रे मोठ्या विश्वासाने घेऊ दिली होती, आणि त्यांवरून नमुन्यांची यादी करून दुसऱ्याच दिवशी पुण्याच्या ग्राहकाकडे धाडावयाची होती. लॅपटॉपचे एक पोर्ट पूर्वीच मोडलेले. उरलेल्या एकाने दगा दिला. वायर बदलून पाहिली, व्यर्थ. पेनड्राइव्ह लावला, तर त्याचा दिवा लागे, पण पडद्यावर काहीच दिसेना. शहरातील एका दुरुस्तीवाल्याने यंत्र उघडूनही न पाहता सांगितले की मदरबोर्ड बदलावा लागेल, आणि आतील सर्व काही पुसून विंडोज नव्याने घालावी लागेल. 'सर्व काही' म्हणजे तीन वर्षांची खतावणी! तिची प्रत काढावी, तर प्रत काढण्याची वाटच बंद. इंटरनेटवरून प्रत काढता आली असती. परंतु घाबरलेल्या माणसास सोपी गोष्ट सुचत नाही.

दोष काय होता, हे कळण्यासाठी या पोर्टाची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. यूएसबी हा प्रकार १९९६ साली सात कंपन्यांनी मिळून प्रचारात आणला. इंटेल कंपनीत ज्यांनी त्याच्या घडणीत प्रमुख भाग घेतला ते अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर, ही गोष्ट आपणांस सुखावणारी आहे. त्यांच्या मूळ रचनेत वायरीच्या पोटात चार तारा असतात. दोन तारा ५ व्होल्टची वीज वाहतात. उरलेल्या दोन तारांवरून माहितीची ने-आण होते. आपल्या भाषेत बोलावयाचे तर एकाच गाडीवानाबरोबर माल आणि बीजक दोन्ही जातात खरे, पण दोन निराळ्या पिशव्यांतून. गठ्ठे दुकानी उतरले म्हणून बीजकही आले, असे कोणी मानत नाही. तद्वत् मोबाईल चार्ज होतो म्हणून पोर्ट निर्दोष आहे, असे म्हणता येत नाही. आणि माहिती जात नाही म्हणून मदरबोर्ड गेला, असेही म्हणता येत नाही.

आता यातील खरी मौज पाहावी. जुन्या चपट्या, आयताकृती प्लगमध्ये चार सोनेरी पट्ट्या असतात. त्यांतील कडेच्या दोन विजेच्या, मधल्या दोन माहितीच्या. कडेच्या पट्ट्या मुद्दाम किंचित लांब ठेवलेल्या आहेत; हेतू हा की प्लग आत शिरताना वीज आधी जोडली जावी आणि माहितीचा मार्ग मागाहून. आता पोर्टाच्या तळाशी काही साचून प्लग पुरता आत बसला नाही, तर लांब पट्ट्या टेकतात आणि आखूड पट्ट्या अधांतरी राहतात. आमच्या पोर्टात नेमके हेच घडले होते. पेढीवर आलेल्या तरुण भाच्याने प्लग थोडा बाहेर राहतो हे हेरले आणि बॅटरीच्या उजेडात आत पाहिले. सुती कापडाचा बारीक तंतू वर्षानुवर्षे दाबला जाऊन तेथे त्याची गादीच बनली होती! आपल्या गोदामांत तंतू उडतो, बाटिकच्या कारखान्यांत तर मेणाचा चिकट थरही त्यास मिळतो. तेव्हा आपल्या धंद्यात हा दोष इतरांपेक्षा अधिक संभवतो, असे माझे मत आहे.

तो काढावयाचा तर यंत्र पूर्ण बंद करून चार्जर काढावा आणि लाकडी दातकोरणीने हलक्या हाताने तंतू ओढून घ्यावा. सुई अथवा टाचणी मुळीच घालू नये. तोंडाने फुंकरही घालू नये, कारण तिच्यासरशी ओल आत जाते.

अर्थात प्रत्येक वेळी तंतूच दोषी असतो असे नाही. बाजारात केवळ दोन तारांच्या, फक्त चार्जिंगपुरत्या वायरी सर्रास मिळतात, आणि वरून त्या ओळखू येत नाहीत. म्हणून प्रथम जिने पूर्वी माहिती नेली आहे अशी वायर लावून पाहावी. अँड्रॉइड मोबाईल २०१५ पासून आपण होऊन केवळ चार्जच होतो. त्याचे कुलूप उघडून सूचनेत 'फाइल ट्रान्सफर' निवडावे लागते. आयफोन लॅपटॉपवर विश्वास ठेवावा काय असे विचारतो; तेथे होकार द्यावा. यानेही भागले नाही, तर साधा वायरीचा माऊस त्या पोर्टात लावावा. बाण हलला, तर पोर्ट जिवंत आहे असे समजून मोबाईल वा वायर तपासावी.

माऊसही हलला नाही आणि पोर्ट स्वच्छ आहे, तर लॅपटॉप एकदा बंद करून चालू करावा. नंतर 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून यूएसबीच्या यादीत पिवळे चिन्ह दिसते का ते पाहावे. दिसल्यास ती नोंद 'अनइन्स्टॉल' करून यंत्र पुन्हा सुरू करावे, म्हणजे विंडोज ती नव्याने घालते. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनाची गोष्ट निराळी. त्याचा दिवा लागूनही स्वाक्षरी उमटत नसेल, तर बहुधा त्याचे सॉफ्टवेअर घातलेले नसते; विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी पोर्टास दोष देत बसू नये.

नव्या लंबगोल टाइप-सी पोर्टाबाबत एक सोपी परीक्षा आहे. त्यात मूळच्या माहितीच्या तारांसाठी दोन्ही अंगांस संपर्क दिलेले असतात. म्हणून प्लग उलटा करून घालावा. एका बाजूने चालतो आणि दुसऱ्या बाजूने नाही, असे झाल्यास एका अंगाचे संपर्क मळलेले वा वाकलेले आहेत असे जाणावे. काही लॅपटॉपांत मात्र टाइप-सीचे एखादे पोर्ट मुळातच केवळ चार्जिंगसाठी असते. तेथे बिघाड शोधण्यात अर्थ नाही.

इतके करूनही मार्ग न निघाल्यास दुरुस्तीवाल्याकडे जावेच. पण जाण्यापूर्वी खतावणीची प्रत वायफायवरून दुसऱ्या संगणकावर किंवा इंटरनेटवर ठेवावी, आणि 'फॉरमॅट करू नये' असे पावतीवर लिहवून घ्यावे.

आमची यादी एक दिवस उशिरा पुण्यास गेली. ग्राहकांनी सांभाळून घेतले. घरात सापडलेली दोन तारांची एक वायर मात्र मी फेकली नाही. सार्वजनिक चार्जिंगच्या जागी यूएसबीतून मोबाईलमधील माहिती चोरली जाऊ शकते, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२२ सालच्या आपल्या पुस्तिकेत दिला आहे. ज्या वायरीतून बीजक जाऊच शकत नाही, ती तेथे उपयोगी. तिला लाल दोरा बांधून मी प्रवासाच्या पिशवीत ठेवली आहे.