दोनदा मिळालेलं सिंहासन

सिकंदर इ. स. पू. ३२३ मध्ये वारला आणि त्याच्या सरदारांनी राज्य वाटून घेतलं. सीरियात सेल्यूकसचं घराणं बसलं, ईजिप्तमध्ये टॉलेमीचं. पुढं दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी सेल्यूकसच्या घराण्यात भाऊबंदकी माजली. दुसरा डिमीट्रियस हा त्याच काळातला राजा.

त्याच्या बापाला मारून अलेक्झांडर बालास गादीवर बसला होता. इ. स. पू. १४७ मध्ये हा कोवळा पोर क्रीट बेटाचे भाडोत्री शिपाई घेऊन सीरियात उतरला. बालासचा सासरा, म्हणजे ईजिप्तचा सहावा टॉलेमी, जावयावर उलटला आणि आपली मुलगी क्लिओपात्रा थीआ त्यानं डिमीट्रियसला दिली. १४५ मध्ये बालासचा पराभव झाला. लढाईतल्या जखमांनी टॉलेमीही गेला. डिमीट्रियसनं 'निकेटर', म्हणजे विजेता, हे बिरुद लावलं. पण विजय खरा कोणाचा होता?

इथंच त्याची पहिली चूक झाली. आधीचे राजे शांततेतही फौजेचा पगार चालू ठेवीत. यानं क्रीटचे शिपाई तेवढे ठेवले आणि देशी सैनिकांना घरी धाडलं. असे बेकार, चिडलेले शिपाई कुठं जाणार? ट्रायफन नावाच्या सरदारानं बालासच्या लहान मुलाला राजा म्हणून पुढं केलं आणि ते त्याच्याकडे वळले. राजधानी अँटिऑक पेटली. यहुदी नेता योनाथान यानं सैनिक पाठवून राजाला वाचवलं; पण राजानं त्याला दिलेला शब्द पाळला नाही, तेव्हा तोही ट्रायफनला मिळाला.

घरची आग विझली नव्हती, तरी डिमीट्रियस पूर्वेला पार्थियनांवर चालून गेला आणि इ. स. पू. १३८ च्या सुमारास कैद झाला. पार्थियन राजानं त्याला आपली मुलगी दिली. दोनदा तो पळाला, दोनदा सापडला. पोरकटपणाबद्दल त्याला सोन्याचे फासे पाठवून हिणवलं, असं जस्टिन हा रोमन लेखक सांगतो. इकडे धाकट्या भावानं राज्य घेतलं, वहिनीशी लग्न केलं आणि ट्रायफनला संपवलं.

१२९ मध्ये भाऊ पार्थियनांशी लढताना पडला आणि सुटून आलेल्या डिमीट्रियसला गादी पुन्हा मिळाली. नाण्यांवर आता त्याला पार्थियन वळणाची दाढी दिसते. स्वभाव मात्र तोच! स्वतःचं घर सावरायचं सोडून तो सासूच्या बाजूनं ईजिप्तच्या भांडणात पडला. तिथल्या आठव्या टॉलेमीनं लगेच सीरियात एक तोतया उभा केला. दमास्कसजवळ हरल्यावर डिमीट्रियस बायकोच्या टॉलेमाइस शहराकडे धावला. तिनं वेस उघडली नाही. इ. स. पू. १२५ मध्ये टायर बंदरात त्याचा खून झाला.

दैवानं त्याला दोनदा राज्य दिलं. दोन्ही वेळा ते दुसऱ्यांच्या बळावर मिळालं, आणि आपली माणसं जोडायची राहिली ती राहिलीच.