बिलाची मेल कोणत्या दारातून जाते?

ऑफिसच्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून मेल जात नसेल, तर आधी पोर्ट क्रमांक, म्हणजे मेल ज्या दारातून बाहेर पडते त्याचा क्रमांक, पाहा. मेल पाठवण्याची एसएमटीपी ही पद्धत जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये मांडली, तेव्हा पाठवणाऱ्याची ओळख विचारलीच जात नसे. स्पॅमवाल्यांचे त्यामुळेच फावले. आता २५ क्रमांकाचे पोर्ट सर्व्हर-सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीसाठी असते. अनेक इंटरनेट कंपन्या ग्राहकांसाठी ते बंदच ठेवतात. सॉफ्टवेअरमध्ये ५८७ किंवा ४६५ टाका. तिथे युजरनेम-पासवर्ड लागतो. ४६५ वर जोडणी सुरुवातीपासून कूटबद्ध असते. ५८७ वर त्यासाठी स्टार्टटीएलएस हा पर्याय निवडावा लागतो.

तरीही बिल स्पॅममध्ये पडते? डोमेनच्या डीएनएसमध्ये एसपीएफ नोंद आहे का बघा. आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, हे ती सांगते. आणि साहेबांचा स्वतःचा पासवर्ड बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये कृपया टाकू नका. सॉफ्टवेअरसाठी वेगळे खाते काढा.