आपल्या पेशींचा कासरा

राजेहो, नांदगाव खंडेश्वरच्या बसस्टँडवर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या पेशींत, दोन नंबरच्या गुणसूत्रावर, एक जनुक बसलंय: पीडीसीडी१. ते पीडी-१ हे प्रथिन बनवतं. काम एकच, रोगाशी झुंजणाऱ्या टी-पेशींना कासरा लावायचा. तो ओढला की त्यांचा मारा मंदावतो, संख्या वाढणंही थांबतं.

१९९२मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठात तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेत ते सापडलं. मग उंदरांतून हे जनुक काढून पाहिलं, तर त्यांच्या टी-पेशी घरच्यांवरच उलटल्या! त्यातही गंमत अशी की एका जातीच्या उंदरांची मूत्रपिंडं आणि सांधे बिघडले, दुसऱ्या जातीचं हृदयच थकलं.

कर्करोग मात्र महालबाड. पीडी-एल१ नावाचं प्रथिन अंगावर मिरवत तो कासरा स्वतःच ओढतो, आणि टी-पेशी समोर असूनही गप्प राहतात. ती पकड सोडवणारी औषधं आली नि २०१८चं नोबेल होन्जो आणि जेम्स अॅलिसन यांना मिळालं. अॅलिसन यांनी अभ्यासलेला सीटीएलए-४ हा दुसरा कासराही दोन नंबरच्याच गुणसूत्रावरचा. हे गृहस्थ हार्मोनिका वाजवतात. कर्करोग-संशोधकांच्या त्यांच्या बँडचं नाव ‘द चेकपॉइंट्स’, म्हणजे असले कासरेच.

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेलानोमा (त्वचेचा कर्करोग) २०१५मध्ये मेंदूपर्यंत पोचला होता. उपचारांत पीडी-१वरचं औषध होतं. कार्टर शंभरी पार करून गेले.

पण अमेरिकेचं राहू द्या. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणाऱ्या आपल्या वऱ्हाडासाठी खरी बातमी मुंबईच्या टाटा मेमोरियलची आहे. ही औषधं इतकी महाग की बहुतेकांनी नुसती किंमत ऐकूनच परतावं. म्हणून टाटाच्या डॉक्टरांनी डोके-मानेच्या बळावलेल्या कर्करोगाचे १५१ रुग्ण घेतले. साधारण निम्म्यांना नेहमीच्या गोळ्या, उरलेल्यांना त्याच गोळ्या आणि दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅब हे पीडी-१वरचंच औषध, अवघं २० मिलिग्रॅम. नेहमीच्या मात्रेचा दहावा हिस्साही नाही! २०२३मध्ये निकाल छापून आला: वर्षभरानंतर नुसत्या गोळ्यांवरचे १६.३ टक्के हयात होते, निव्होलुमॅबवाले ४३.४ टक्के. हा आजार बरा झाल्याचा दावा नव्हे, पण एवढ्याशा मात्रेत एवढा फरक पडतो हे मोठंच.

तरी खर्ऱ्याची पन्नी खिशात ठेवून निव्होलुमॅबच्या भरवशावर राहू नका. तोंडात पांढरा चट्टा किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर लगेच डॉक्टरांना दाखवा. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर फुकट आहे.