होम लोनवर बँक जास्त व्याज तर घेत नाही ना? मोबाइलवरच तपासा

२०१९ची दिवाळी नुकतीच झाली होती. माझी पहिली नोकरी लागून चार महिने झाले होते. आमच्या शेजारच्या काकांनी बेसा रोडला फ्लॅट बुक केला आणि पेढे घेऊन घरी आले. बोलता बोलता म्हणाले, "साडेआठ टक्क्यांनी लोन मिळालं." बाबा गप्प झाले. मानेवाड्याच्या आमच्या घराचं लोन त्याच बँकेचं, २०१४ पासून एकही हप्ता न चुकवलेलं, आणि व्याज मात्र साडेनऊ टक्के.

मी बाबांना म्हटलं, बँकेत विचारू या. ते म्हणाले, "अरे, कॉम्प्युटरवर हिशोब होतो त्यांचा. कॉम्प्युटर कसा चुकेल?"

मी स्वतः सॉफ्टवेअर इंजिनिअर. कॉम्प्युटर चुकत नाही हे ऐकून हसू आलं, कारण दिवसभर मी तेच निस्तरत असतो. कॉम्प्युटर फक्त सांगितलेला आकडा गुणतो. तो आकडा बरोबर आहे का, हे कुणीतरी माणसानेच बघायचं असतं. त्या रात्री मी बाबांचं लोन स्टेटमेंट फोनवर उघडलं. तेव्हा जे शिकलो आणि नंतर जे नियम आले, ते सगळं इथे सोपं करून सांगतो. तुमच्या नावावर लोन नसेल, पण घरात आई-बाबांच्या नावावर असू शकतं. आणि त्यांच्या बँकेचं ॲप बहुतेक तुम्हीच चालवत असता.

एक टक्क्याने एवढं काय होतं?

हिशोब सोपा जावा म्हणून आकडे गोल करतो. शिल्लक मुद्दल १५ लाख, हप्ता १६ हजार. साडेनऊ टक्के दराने हे कर्ज फिटायला सुमारे १७२ महिने लागतात. साडेआठ टक्क्यांनी सुमारे १५५. म्हणजे १७ हप्ते जास्त, साधारण पावणेतीन लाख रुपये. बाबा जुनी स्कूटर बदलत नव्हते, "हप्ता संपू दे" म्हणत. पावणेतीन लाखांत दोन-तीन स्कूटर आल्या असत्या.

हे तुम्हीही करून बघा. गूगल शीट्समध्ये एनपीईआर नावाचं फंक्शन आहे. त्यात तीन गोष्टी द्यायच्या: व्याजदर भागिले १२, मग उणे चिन्ह लावून हप्ता, मग शिल्लक मुद्दल. उत्तर येतं ते उरलेले महिने. बँकेच्या ॲपमध्ये दिसणाऱ्या उरलेल्या महिन्यांशी ते जुळायला हवं.

व्याजदर ठरतो कसा?

फ्लोटिंग होम लोनचं सूत्र एका ओळीचं आहे: व्याजदर = बेंचमार्क + स्प्रेड. बेंचमार्क वर-खाली होतो, स्प्रेड म्हणजे त्यावर बँक लावते ती जास्तीची टक्केवारी.

खरी गोम बेंचमार्कमध्ये आहे. १ जुलै २०१० पासून 'बेस रेट' होता, १ एप्रिल २०१६ पासून 'एमसीएलआर' आला. दोन्ही बँक स्वतःच मोजायची. आपल्या भाषेत सांगायचं तर फंक्शन बँकेचं, सर्व्हर बँकेचा, आणि आपल्याला दिसतं फक्त उत्तर. रिझर्व्ह बँकेने रेपो रेट वाढवला की आपला दर लगेच वाढायचा, कमी केला की उतरायला फार वेळ लागायचा.

ही फक्त ग्राहकांची कुरकुर नव्हती. रिझर्व्ह बँकेनेच डॉ. जनक राज यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला होता. त्याच्या २०१७ च्या अहवालात स्पष्ट आलं की बेस रेट आणि एमसीएलआर मोजताना व स्प्रेड ठरवताना बँकांनी मनमानी केली. त्याच वर्षी मुंबईच्या मनीलाइफ फाउंडेशन या संस्थेने जुन्या कर्जदारांच्या बाजूने रिझर्व्ह बँकेला निवेदन दिलं आणि पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यायालयाने रिझर्व्ह बँकेला सांगितलं, या निवेदनावर काय ठरवलं ते सहा आठवड्यांत कळवा.

डिसेंबर २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बाहेरचा बेंचमार्क आणणार असं जाहीर केलं आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून तो लागू झाला. तेव्हापासून बँकांची नवीन फ्लोटिंग होम लोन रेपो रेटसारख्या उघड बेंचमार्कला जोडावी लागतात आणि दर किमान तीन महिन्यांतून एकदा रीसेट करावा लागतो. म्हणजे एपीआय आता पब्लिक झाला. रेपो रेट बातम्यांमध्ये दिसतो, त्यात स्प्रेड मिळवा, तुमचा दर तयार.

आमच्या घरी पुढे काय झालं?

बाबांचं लोन अजून बेस रेटवरच होतं. काकांचं रेपोवर. बँकेने बाबांना कधी फोन करून सांगितलं नाही की दर बदलून घ्या.

आम्ही शाखेत गेलो. काउंटरवरचे साहेब म्हणाले, "बदलता येईल, पण शिल्लक रकमेच्या काही टक्के फी लागेल." मी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवरून ४ सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक डाउनलोड करून ठेवलं होतं. त्यात लिहिलंय की ज्यांना प्रीपेमेंट चार्ज लागत नाही, त्या जुन्या कर्जदाराला वाजवी प्रशासकीय आणि कायदेशीर खर्च सोडून कोणतीही फी न घेता नवीन पद्धतीवर जाता येतं. बदलानंतरचा दरही तशाच नवीन कर्जाला लागतो तोच लावायचा. साहेबांनी चष्मा लावून ते फोनवर दोनदा वाचलं. मग म्हणाले, "अर्ज लिहून द्या."

तीन आठवड्यांनी दर बदलला. आधीच्या वर्षांत गेलेले पैसे मात्र परत आले नाहीत. जुन्या करारात बेस रेट लिहिलेला होता आणि बाबांनी त्यावर सही केली होती. म्हणून आजही वाटतं, दोन वर्षं आधी विचारायला हवं होतं.

महाग आणि चुकीचं यात फरक करा

तक्रार करण्याआधी हा फरक समजून घ्या, नाहीतर तक्रार पहिल्याच पायरीवर बाद होते.

दर वाढला म्हणून हप्ते वाढणं ही फसवणूक नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो रेट ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला. २५ लाखांचं २० वर्षांचं लोन ६.७५ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता १९,००९ रुपये. दर ९.२५ टक्के झाला की २५ लाखांवर महिन्याचं व्याजच १९,२७० रुपये! म्हणजे पूर्ण हप्ता भरूनही मुद्दल कमी होत नाही. अशा वेळी बँक गुपचूप मुदत लांबवत न्यायची. ऑगस्ट २०२३ च्या नियमानुसार आता बँकेने कळवायला हवं, हप्ता वाढवायचा की मुदत, हे तुम्हाला विचारायला हवं, आणि दर तिमाहीला स्टेटमेंट द्यायला हवं.

आणि नियमाबाहेरची वसुली कशी ओळखायची? हे बघा:

१. पैसे मिळण्याआधीच व्याज सुरू. एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की तपासणीत काही संस्था लोन मंजूर झाल्याच्या किंवा कराराच्या तारखेपासून व्याज लावताना आढळल्या. काहींनी चेकवरच्या तारखेपासून व्याज लावलं, चेक मात्र ग्राहकाला कित्येक दिवसांनी दिला. काहींनी थोड्याच दिवसांसाठी पूर्ण महिन्याचं व्याज घेतलं. असे पैसे ग्राहकांना परत करायला रिझर्व्ह बँकेने सांगितलं. तुमच्या स्टेटमेंटमधली पहिली व्याजाची तारीख आणि पैसे प्रत्यक्ष मिळाल्याची तारीख शेजारी ठेवून बघा.

२. रेपो कमी झाला, पण दर तिथेच. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. तुमचं लोन रेपोला जोडलेलं असेल आणि रीसेटची तारीख उलटून गेली असेल, तर १.२५ टक्क्यांची घट दिसायलाच हवी.

३. लोन लवकर फेडलं म्हणून दंड. घरासाठी घेतलेल्या वैयक्तिक फ्लोटिंग लोनवर बँकांना २०१२ पासून असा चार्ज घेता येत नाही.

४. न सांगितलेले चार्जेस. १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या नवीन लोनसोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावंच लागतं. त्यात नसलेला चार्ज तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

५. कर्ज फिटलं, पण कागद अडकले. पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत मिळायला हवीत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे.

तक्रार कशी करायची?

आधी बँकेकडे लेखी. ॲप, ईमेल किंवा शाखा, काहीही चालेल, पण तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. फोनवर झालेलं बोलणं पुरावा म्हणून दाखवता येत नाही, ईमेल दाखवता येतो. "व्याज जास्त वाटतं" असं लिहू नका. "अमुक तारखेला दर इतका असायला हवा होता, तुम्ही इतका लावला, फरक इतके रुपये" असं लिहा. सोबत शीट जोडा.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. सीएमएस नावाच्या पोर्टलवर मोबाइलवरूनच तक्रार करता येते. माहितीसाठी नंबर १४४४८. फी नाही, वकील लागत नाही. आपल्याकडे संविधान चौकात रिझर्व्ह बँकेची इमारत आहे, पण तिथे खेटे घालायची गरज नाही. एक लक्षात ठेवा: स्प्रेड किती ठेवायचा हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो, त्यावर लोकपाल बोलत नाही. नियम कुठे मोडला तेच दाखवा. लोन हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेच्या ग्रिड्स पोर्टलवर करायची. रेपोला जोडण्याचा नियमही बँकांसाठी आहे, या कंपन्यांसाठी नाही. शिवाय ग्राहक आयोगाचा रस्ता आहेच, तिथे दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

एक सावधगिरी. गूगलवर सापडलेल्या 'कस्टमर केअर' नंबरवर फोन करू नका आणि रिफंडसाठी कुणालाही ओटीपी देऊ नका. व्याज परत मिळवायला गेलो आणि खातंच रिकामं झालं, असं नको व्हायला.

आज रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं काढा. आई-बाबांना विचारा, "आपलं लोन बेस रेटवर आहे, एमसीएलआरवर की रेपोवर?" बहुतेक घरांत उत्तर येईल, "माहीत नाही." मग ॲप उघडा, स्टेटमेंट डाउनलोड करा आणि शीटमध्ये ते तीन आकडे टाका. आमच्याकडे आता दर रीसेटच्या महिन्यात बाबाच मला आठवण करतात, "ते तुझं शीट उघड बरं जरा."